राज्यशास्त्राच्या विभागांत आपण किती? ही मोजणी होते तरी कशी

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर एकच चर्चा सुरू होते: मुस्लिम मतं कुणाकडे जाणार? पडद्यावर टक्केवारीचे तक्ते येतात, दोन-चार तज्ज्ञ बसतात, आणि आपल्या मोहल्ल्यात लोक काय विचार करतात हे आपल्यालाच समजावून सांगतात. यातले बरेचसे तज्ज्ञ कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातून आलेले असतात. मतदारांचे सर्वे करणं, प्रश्नावली तयार करणं, निकालाचा अर्थ लावणं हे त्या विभागांत शिकवलं जातं.

मग एक साधा प्रश्न पडतो. आपल्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्या या विभागांत आपण स्वतः किती आहोत? किती मुस्लिम मुलं-मुली एम.ए. राज्यशास्त्र करतात? त्यातले किती पीएच.डी.पर्यंत पोहोचतात? किती जण पुढे प्राध्यापक होतात?

या प्रश्नाचं थेट उत्तर देणारा आकडा प्रकाशित अहवालांत सापडत नाही. एकूण उच्च शिक्षणातले मुस्लिम विद्यार्थी किती, हे सरकारी अहवालात आहे. विषयानुसार एकूण विद्यार्थी किती, तेही आहे. पण एका विषयाच्या विभागांत विद्यार्थी, संशोधक आणि शिक्षक अशा तिन्ही पायऱ्यांवर मुस्लिम किती, हे एका जागी वाचायला मिळत नाही. असं का होतं, अशी मोजणी मुळात कशी होते आणि त्यात आपल्या कुटुंबांचा काय संबंध, हे समजून घेण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

विभागाचं सर्वेक्षण म्हणजे काय?

सर्वे म्हटलं की दारावर येऊन प्रश्न विचारणारा माणूस आठवतो. तो लोकांचं मत विचारतो. विभागाचं सर्वेक्षण वेगळं असतं. इथे प्रश्न माणसाला नसतो, संस्थेला असतो. तुमच्या विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती, यंदा प्रवेश किती झाले, पदवी घेऊन किती बाहेर पडले, पीएच.डी.साठी किती नोंदणी, असे ते प्रश्न असतात. उत्तरं विभागप्रमुख किंवा ऑफिसातले कर्मचारी नोंदी पाहून भरतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्याच पायरीवर अडचण येते. विभाग म्हणायचं कशाला? पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन एकाच विभागात आहेत. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र असं नाव आहे. तालुक्याच्या कॉलेजात विभाग म्हणजे कधी कधी एकच शिक्षक आणि एक कपाट. एकाने लोकप्रशासनाचे विद्यार्थी धरले आणि दुसऱ्याने सोडले, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात आधी सगळ्या विभागांची पूर्ण यादी बनते, मग प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरते, आणि कोणत्या तारखेची स्थिती मोजायची तेही ठरतं. जूनमध्ये प्रवेश घेतलेली मुलगी डिसेंबरात कॉलेजात येत असेलच असं नाही. त्यामुळे तारखेने आकडा बदलतो.

दुसरी अडचण उत्तरं न येण्याची. शंभर विभागांना फॉर्म पाठवला आणि साठांनी भरला, तर उरलेल्या चाळीसांचं काय? बहुतेक वेळा फॉर्म न भरणारे विभाग छोटे, कमी कर्मचाऱ्यांचे, ग्रामीण असतात. साठांची सरासरी काढून ती शंभरांची म्हणून छापली, तर चित्र शहरी आणि मोठ्या विभागांकडे झुकतं. म्हणून कुठलाही अहवाल वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती जणांनी उत्तर दिलं?

मोजणीतले फरक नवे नाहीत

आकडा हा 'कोणाला मोजलं' यावर ठरतो, याचं एक उदाहरण आपल्या परंपरेतच आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी इस्लाम स्वीकारलेल्या लोकांची नावं लिहून आणायला सांगितली होती, अशी हदीस हजरत हुजैफा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आली आहे. एका रिवायतीत ही संख्या दीड हजार आहे, दुसरीत पाचशे, तर तिसरीत सहाशे ते सातशेच्या दरम्यान. हदीसच्या भाष्यकारांनी या फरकाची चर्चा केली आहे. एका मतानुसार एका ठिकाणी बायका-मुलांसह सगळे मोजले, दुसऱ्या ठिकाणी फक्त पुरुष, आणि तिसऱ्या ठिकाणी फक्त लढण्याजोगे पुरुष.

म्हणजे तीन आकडे वेगळे आहेत एवढ्यावरून कोणी खोटं बोललं असं होत नाही. मोजणीची व्याख्या वेगळी असू शकते. आजच्या सरकारी अहवालालाही हेच लागू पडतं.

अमेरिकेत हे काम कोण करतं?

एकाच विषयाच्या सगळ्या विभागांची माहिती नियमित गोळा करण्याचं जुनं उदाहरण अमेरिकेत आहे. १९०३ साली स्थापन झालेली अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशन ही तिथल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांची संघटना. ती विभागांकडून शिक्षक, विद्यार्थी, प्रवेश, नोकऱ्या अशी माहिती मागवते. हे सरकारचं काम नाही. विषयाच्या लोकांनी आपल्याच घराचा हिशेब ठेवला आहे.

या हिशेबाची गरज का पडली, हे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून कळतं. राल्फ बंच यांना १९३४ साली हार्वर्डमधून राज्यशास्त्रात पीएच.डी. मिळाली. अमेरिकेत हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे संयुक्त राष्ट्रांत काम करताना त्यांनी अरब-इस्रायल युद्धविराम घडवला, त्यासाठी १९५० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, आणि ते याच संघटनेचे अध्यक्षही झाले. पण एक माणूस शिखरावर पोहोचला म्हणून मागची रांग भरत नाही. बंच यांच्यानंतर दोन दशकांनी, १९५४ साली, ज्युएल प्रेस्टेज या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीला या विषयात पीएच.डी. मिळाली. पुढे १९८६ पासून बंच यांच्या नावाने एक उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. मागे राहिलेल्या समाजांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.कडे नेणं हा त्याचा हेतू. गळती कुठल्या पायरीवर होते हे ठाऊक असेल, तरच असा वर्ग नेमका कुणासाठी आणि कुठल्या वर्षी घ्यायचा हे ठरवता येतं.

तिथल्या मुस्लिमांची गोष्ट मात्र अर्धीच आहे. अमेरिकेत जनगणनेत धर्म सक्तीने विचारता येत नाही, १९७६ च्या कायद्याने तशी मनाई आहे. विभागांची नोंद वंश आणि लिंगानुसार होते. त्यात अरब किंवा इराणी मूळ असलेली माणसं अनेक दशकं 'गोरे' या रकान्यात धरली जात होती. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना ठेवायचं तिथल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं. तोवर डेट्रॉइटजवळच्या एखाद्या अरब प्राध्यापकाची गणना कागदावर गोऱ्यांतच होत राहिली. रकानाच नसेल तर माणूस समोर असूनही आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडची पद्धत

भारतात जनगणनेत धर्म विचारला जातो आणि उच्च शिक्षणाच्या मोजणीतही अल्पसंख्याकांसाठी जागा आहे. ही मोजणी म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण. कॉलेजच्या ऑफिसात त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी एआयएसएचई म्हणतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालय, म्हणजे तेव्हाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय, २०१०-११ पासून ते करत आहे. विद्यापीठांसाठी एक फॉर्म, कॉलेजांसाठी दुसरा, आणि कुठल्याही विद्यापीठाशी न जोडलेल्या संस्थांसाठी तिसरा. प्रत्येक संस्थेत एक नोडल ऑफिसर असतो. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे जादाचं म्हणून येतं, आणि प्रत्यक्ष आकडे ऑफिसातून, प्रवेशाच्या नोंदींतून काढले जातात.

राज्यशास्त्रासारख्या विषयाचा हिशेब इथे दोन ठिकाणी निसटतो.

पहिलं ठिकाण बी.ए. २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात पदवीला असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ३४.२ टक्के कला शाखेत होते. पण बी.ए.ला विद्यार्थी दोन-तीन विषय एकत्र घेतो. तिसऱ्या वर्षी राज्यशास्त्र स्पेशल घेतलेली मुलगीसुद्धा मोठ्या तक्त्यात 'बी.ए.' म्हणूनच दिसते. विषय वेगळा होतो तो एम.ए.ला. म्हणजे राज्यशास्त्राकडे येणारा सगळ्यात मोठा प्रवाह जिथे आहे, तिथेच तो ओळखू येत नाही.

दुसरं ठिकाण शिक्षकांचं. २०१९-२० मध्ये देशात उच्च शिक्षणातले सुमारे १५ लाख शिक्षक नोंदवले गेले, आणि त्यात मुस्लिम साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. पण हा आकडा सगळ्या विषयांचा मिळून आहे. त्यात उर्दूचे, अरबीचे, युनानी कॉलेजचे, इंजिनिअरिंगचे सगळे आले. राज्यशास्त्राचे किती, हे त्यावरून कळत नाही.

नावं घ्यायची तर आपल्याकडे मोठी नावं आहेत. मराठवाडा विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. मोईन शाकिर यांचं 'खिलाफत टू पार्टिशन' हे पुस्तक अभ्यासकांना माहीत आहे. दिल्लीच्या जेएनयूमध्ये प्रा. झोया हसन यांनी वर्षानुवर्षं राज्यशास्त्र शिकवलं. पण वर बंच यांच्याबाबत जे म्हटलं, तेच इथेही आहे. दोन-चार नावांवरून रांग किती लांब आहे ते समजत नाही.

एक रकाना रिकामा राहिला की

आता थेट आपल्या घराशी संबंध असलेली गोष्ट.

या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये विद्यार्थी आधी सामाजिक प्रवर्गानुसार विभागले जातात: खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी वगैरे. मग त्याच एकूण संख्येतून दिव्यांग किती, मुस्लिम अल्पसंख्याक किती, इतर अल्पसंख्याक किती, हे वेगळं लिहायचं असतं. म्हणजे एकच विद्यार्थी दोन ठिकाणी दिसायला हवा, प्रवर्गातही आणि अल्पसंख्याकांतही.

महाराष्ट्रात आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसीत आहेत. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशी कितीतरी नावं त्या यादीत सापडतात. अशा घरातली मुलगी ओबीसीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर जोडून प्रवेश घेते. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये तिच्यापुढे 'ओबीसी' लिहिलं जातं. फॉर्म भरणाऱ्याने प्रवर्ग पाहिला, संख्या टाकली आणि पुढे गेला, तर ती ओबीसीत मोजली जाते आणि मुस्लिमांत मोजली जात नाही. कोणाचा वाईट हेतू असायची गरज नाही. प्रवेश अर्जात धर्माचा रकाना रिकामा राहिला असेल, किंवा 'अल्पसंख्याक आहात का?' यापुढे घाईत 'नाही' वर खूण झाली असेल, तर ऑफिसला ते कळणार तरी कुठून?

खूण न करण्यामागे कधी कधी भीती असते, हेही मान्य केलं पाहिजे. धर्म लिहिला तर त्रास होईल का, ओबीसीचा फायदा जाईल का, अशी शंका पालक बोलून दाखवतात. ओबीसी असणं आणि अल्पसंख्याक असणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक लिहिल्याने दुसरी रद्द होत नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात जातो तो फक्त आकडा, मुलीचं नाव त्यात छापलं जात नाही.

नावावरून ओळखता येत नाही का?

धर्माचा रकाना रिकामा असेल तर काही जण नावं वाचून अंदाज बांधतात. संशोधकही मतदार यादीवर किंवा शिक्षकांच्या यादीवर ही पद्धत वापरतात. शेख, पठाण, सय्यद, काझी, मुजावर ही आडनावं लगेच कळतात. पण महाराष्ट्रात मुस्लिम पाटील आहेत, मुस्लिम देशमुख आहेत, चौधरी आणि पटेलही आहेत. वेबसाइटवर 'प्रा. एस. आर. पाटील' एवढंच असेल तर तो माणूस कोण हे सांगणं अशक्य आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची गोष्ट आणखी वेगळी. नावावरून काढलेला आकडा साधारण दिशा दाखवतो, पण तो कोकणातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या माणसांना कमी मोजण्याची शक्यता जास्त. सगळ्यात खात्रीची पद्धत एकच: ज्याची नोंद आहे त्यानेच ती सांगायची.

१९ लाखांचा धक्का आणि तो कसा वाचायचा

मोजणीची पद्धत माहीत असली की बातम्या वेगळ्या वाचता येतात. २०१९-२० च्या सर्वेक्षणात देशात उच्च शिक्षणात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या १९.२१ लाखांवर आली. एका वर्षात पावणेदोन लाखांहून जास्त घट. ही बातमी आली तेव्हा समाजात खूप हळहळ झाली, आणि ती रास्त होती. त्यानंतरच्या २०२१-२२ च्या अहवालात संख्या पुन्हा २१.०८ लाख झाली. या बातमीची मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

मधल्या वर्षी काय झालं? ते कोविडचं वर्ष होतं. कमाई थांबली, मुलं कामाला लागली, मोबाइलवरचं शिक्षण सगळ्यांना परवडलं नाही. त्याच वर्षी सर्वेक्षणाची पद्धतही बदलली. आधी संस्था फॉर्म उतरवून घेऊन भरायच्या आणि अपलोड करायच्या, २०२०-२१ पासून सगळं थेट ऑनलाइन भरायचं ठरलं. म्हणजे परिस्थिती आणि मोजपट्टी दोन्ही एकाच वर्षी बदलल्या.

मग घट खरी की कागदावरची? इथे घाई करू नये. त्याच वर्षी, त्याच नव्या पद्धतीत, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या मात्र वाढली. सगळा दोष पद्धतीचा असता, तर बाकीचे आकडेही असेच घसरायला हवे होते. उलट बाजूने पाहिलं तर प्रवर्गाचा रकाना नीट भरला गेला आणि अल्पसंख्याकांचा राहिला, असंही काही ठिकाणी झालेलं असू शकतं. पुढच्याच वर्षी संख्या एवढी वर आली याचं एक कारण तेही असू शकेल. दोन्ही गोष्टी तपासायच्या तर कॉलेजनिहाय आणि विभागनिहाय नोंदी लागतात. वरवरच्या एका आकड्यावरून 'आपली मुलं शिक्षण सोडताहेत' असं म्हणणं जितकं घाईचं, तितकंच 'ही सगळी आकड्यांची चूक आहे' म्हणून निर्धास्त होणंही घाईचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पद्धतीने बदलत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात मुस्लिम १४.२ टक्के होते, महाराष्ट्रात साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. उच्च शिक्षणात २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम पाच टक्क्यांहूनही कमी. एवढी मोठी दरी रकाना राहिल्याने पडत नाही. ती खरी आहे. रकाने नीट भरले तर ती दरी नेमकी कुठे जास्त आहे, बारावीनंतर, बी.ए.नंतर की नेटनंतर, एवढं कळेल.

आकडा असला की काय होतं

कुणी म्हणेल, मोजून काय मिळणार? महाराष्ट्रातच याचं उत्तर आहे. न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशभरातली मुस्लिमांची स्थिती आकड्यांत मांडली गेली. सामाजिक-धार्मिक गटांची माहिती एका ठिकाणी ठेवणारी राष्ट्रीय डेटा बँक असावी, ही त्या समितीची एक महत्त्वाची शिफारस होती. पुढे राज्यात डॉ. महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांतल्या मागास घटकांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ च्या अंतरिम आदेशात नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं आरक्षण थांबवलं नाही. मागासलेपणाचे आकडे न्यायालयासमोर होते म्हणूनच शिक्षणाचा मुद्दा टिकला. पुढे तो अध्यादेशच संपला आणि त्याचा कायदा झाला नाही, ती वेगळी कहाणी.

राज्यशास्त्राच्या विभागांबाबत आपल्याकडे असा कागद नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं. एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना तिचा आधार होता. बंद करताना कारण दिलं गेलं की इतर योजना आहेतच. ते कारण बरोबर की नाही, हे तपासायचं तर विभागवार नोंद हवी: फेलोशिप असताना किती नोंदणी होती, बंद झाल्यावर किती राहिली. ती नोंद नसेल तर वाद फक्त एकमेकांच्या शब्दांवर चालतो.

आपणच अशी मोजणी करायची ठरवली तर

जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षण संस्थेने, माजी विद्यार्थी संघाने किंवा काही प्राध्यापकांनी एकत्र येऊन छोटी सुरुवात करता येते. फक्त काही पथ्यं पाळावी लागतील.

यादी पूर्ण असावी. ज्या कॉलेजात आपली ओळख आहे तेवढीच घेतली, तर आपली माणसं असलेली कॉलेजंच मोजली जातील आणि आकडा फुगेल. विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांची यादी घेऊन सुरुवात करावी.

प्रश्न कमी असावेत. पाच-सहा प्रश्नांचा एका पानाचा फॉर्म लोक भरतात, दहा पानांचा कपाटात जातो. पदव्युत्तर विद्यार्थी किती, त्यात मुस्लिम मुलं-मुली किती, पीएच.डी. नोंदणी किती, कायम आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक किती, एवढं पुरे.

कायम आणि तासिका वेगळे विचारावेत. दोघांना 'शिक्षक' म्हणून एकत्र धरलं तर ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही तोही आकड्यात सुरक्षित दिसतो.

गुपित जपावं. एखाद्या विभागात एकच मुस्लिम शिक्षिका असेल, तर नाव न छापताही ती कोण हे सगळ्यांना कळतं. तिने 'पदोन्नतीत अडचण आली' असं लिहिलं आणि कॉलेजचं नाव छापलं, तर त्रास तिला होईल. म्हणून छोट्या विभागांचे आकडे जिल्ह्यात किंवा विभागीय पातळीवर एकत्र करूनच द्यावेत. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती अमानत आहे, तिचा हिशेब तसाच ठेवला पाहिजे.

शेवटचं पथ्य म्हणजे दरवर्षी तेच प्रश्न, त्याच व्याख्येने विचारायचे. एका वर्षाचा आकडा फोटोसारखा असतो. पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की दिशा दिसते.

घरातून करता येण्याजोगं

प्रवेशाच्या हंगामात ऑनलाइन अर्ज बहुतेक वेळा सायबर कॅफेतला मुलगा भरतो आणि आपण सही करतो. सबमिट करण्याआधी दोन मिनिटं स्क्रीन वाचून घ्या. धर्म आणि अल्पसंख्याक हे रकाने बरोबर आहेत का, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म जसा लिहिलाय तसाच अर्जात आहे का, ओबीसी असाल तर दोन्ही नोंदी आहेत का, हे पाहा. प्रवेश झाल्यावर कॉलेजच्या नोंदीतही तेच आलं आहे का, एकदा ऑफिसात विचारून घ्या.

तुमच्या ओळखीत कोणी कॉलेजात शिकवत असेल, तर तिथल्या नोडल ऑफिसरला एवढंच सांगायला लावा की प्रवर्गाची संख्या टाकताना अल्पसंख्याकांची ओळ रिकामी सोडू नका. सरकारी आणि अनुदानित संस्थांच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्ज नेमका असावा: अमुक वर्षी, अमुक विषयाला एम.ए.ला एकूण प्रवेश किती आणि त्यात मुस्लिम किती. नावं मागू नका, संख्या मागा.

आणि घरातली मुलगी किंवा मुलगा राज्यशास्त्र घ्यायचं म्हणत असेल, तर 'त्याला स्कोप काय?' म्हणून विषय बंद करू नका. एम.ए.ला ठरलेले गुण आणि नेट किंवा सेट पास झाल्यावर सहायक प्राध्यापक पदासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्राची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. रस्ता लांब आहे, जागा कमी आहेत, तासिका तत्त्वावर काही वर्षं काढावी लागू शकतात, हे मुलांना आधीच सांगावं. स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, कायदा आणि सर्वेक्षण संस्था या वाटाही याच विषयातून निघतात.

पुढच्या निवडणुकीतही कुणीतरी प्रश्नावली तयार करेल, मुस्लिम मतदाराला काय विचारायचं ते ठरवेल आणि उत्तराचा अर्थ लावेल. ते काम करणाऱ्यांत आपल्या घरातलं कोणी असेल का, हे आज बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं पुढे कुठे जातात यावर ठरेल. ती किती आहेत आणि कुठल्या पायरीवर थांबतात, हे समजण्यासाठी तरी त्यांच्या अर्जातले रकाने भरलेले असायला हवेत.